शुद्धिपत्र

माझा पहिला लेख बावीस पानी होता.
छापून आला तो सव्वादोन.
समासात संपादकांची लाल शाई :
"तार कुठे संपते ते सांगा,
समुद्र कुठे सुरू होतो ते नको."

बरोबरच आहे त्यांचं.
पुण्यात बसून हौशी रेडिओवाल्यांचं त्रैमासिक काढायचं,
वर्गणीदार तीनशे अकरा, कागद महाग,
आणि इकडे निवतीहून मी पाठवतो
बर्फ कारखान्याच्या पाठकोऱ्या पावत्यांवर
रात्रपाळीत लिहिलेलं –
कंप्रेसर थांबला की अक्षर सरळ,
सुरू झाला की थरथरतं.

लेखाचं नाव 'खाऱ्या हवेत डायपोल'.
विषय साधा.
चाळीस मीटर बँडची तार दोन झाडांमध्ये बांधावी,
महिन्याभरात तांबं हिरवं पडतं,
जोड गंजतो, एसडब्ल्यूआर चढत जातो,
आणि एका संध्याकाळी तुम्ही हाका मारत बसता
नि एकही हाक कुंपणाबाहेर जात नाही.
उपाय : होडीला लावतात ते मुशीचं तेल,
जोडावर, दोन हात.

हे त्यांनी ठेवलं.
तेलाच्या वासाने तारेखाली गावातली मांजरं जमतात,
हे काढलं.
जाळ्याचा जुना बोया इन्सुलेटर म्हणून चालतो, ठेवलं.
बोया कुणाच्या जाळ्याचा, काढलं.
झिलू मेतर पायांत काथ्याचा फास अडकवून
पोफळीच्या शेंड्यापर्यंत गेला,
दातांत दोरी, वाऱ्याबरोबर झाड डुलतंय,
आणि दोरी सोडून आधी ओरडला,
"बर्फवाल्यानू, खंय जातलो तुमचो आवाज?
हयसून नुसतो दर्यो दिसता!"
यावर मी अर्धं पान खर्चलं होतं.
त्याचं त्यांनी केलं : 'तार उंचावर बांधावी.'

आणि उरलेल्या सव्वादोन पानांत
एक आकडा घसरला.
एका बाजूची लांबी दहा पूर्णांक शून्य सात मीटर.
तिच्या रकान्यात जाऊन बसली फ्रिक्वेन्सी, सात पूर्णांक एक.

अकोल्याहून पत्र आलं. हुबळीहून आलं.
सिल्लोडच्या एका बाईंनी लिहिलं,
अहो, तांब्याचा भाव तरी बघायचा.
कुडाळची पॉलिटेक्निकची मुलं तर एसटीने थेट कारखान्यावर,
आखूड तारांची वेटोळी खांद्याला,
जणू शर्टाचं कापड मी चुकीचं बेतलं होतं.
बर्फाच्या लादीवर बसवून त्यांना चहा पाजला.
दुसरं काय करणार?

त्या रात्री शुद्धिपत्र लिहिलं. एका बैठकीत.

"चूक झाली. योग्य लांबी वर दिली आहे.
कापलेली तार टाकू नये.
तीन मीटरचा तुकडा घ्यावा,
जास्तीचे तीन सेंटिमीटर पिळात जातात.
दोन्ही टोकं कानशीने उजळ करावीत, पीळ द्यावा,
मग सोल्डर, मग तेल.
जोडलेली तार अखंड तारेइतकीच बोलते.
ताण मात्र जोडावर येऊ देऊ नये, दोरीवर घ्यावा.
आमची तार श्री. झिलू मेतर यांनी बांधली.
ती अजून शाबूत आहे."

अंक म्हापणच्या पोस्टात आला तेव्हा
तिथेच उभ्या उभ्या उघडला.
शुद्धिपत्राला संपादक हात लावत नाहीत.
तसा नियम असेल, किंवा लाज.
शब्द न् शब्द होता. श्री.सुद्धा.

झिलूला दाखवायला गेलो.
तो सुपाऱ्या सोलत होता.
हात लुंगीला पुसून त्याने पान लांब धरलं,
वरचं मोठं अक्षर बोट ठेवून लावलं : शु, द्धि, प, त्र.
मग खालपर्यंत.
मग माझ्याकडे बघून,
"सगळ्यांची चूक झाली थय
माझा नाव कित्याक घातलात?"

मी म्हटलं, झिलू,
जागा तेवढीच मिळाली.